मुंबईत बाहेर बसून रंगवण्यासाठी छोटी रंगपेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पेटी नेमकी कशी असते? रंगांच्या साध्या डब्याने काम भागत नाही का?

झाकण उघडले की त्याचा ईझल, म्हणजे चित्र टेकवायचा आधार होतो आणि खालच्या कप्प्यावर पॅलेट, म्हणजे रंग मिसळायची फळी बसते, अशी ही एका हाताने उचलता येणारी पेटी असते. झाकणाच्या आतल्या बाजूला छोटा बोर्ड अडकवता येतो, आणि पॅलेटखालच्या कप्प्यात रंगांच्या नळ्या, तीन-चार ब्रश, पॅलेट नाइफ आणि चिंध्या राहतात. परदेशी दुकानांच्या याद्यांत ती ‘पोशाद बॉक्स’ या नावाने मिळते. आपल्याकडे लँडस्केपला जाणारी मंडळी तिला स्केचिंग बॉक्स किंवा नुसती पेटी म्हणतात. साध्या डब्यातून रंग जागेवर पोचतात, पण बोर्ड कशाला टेकवायचा आणि ओले चित्र घरी कसे आणायचे, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात. पेटीत झाकण मिटले की ओले चित्र आणि पॅलेटवर उरलेले रंग, दोन्ही आतल्या आत सुरक्षित राहतात.

पेटीची पारख करण्याची माझी कसोटी एकच आहे. जागेवर टेकल्यापासून बोर्डाला पहिला रंग लागेपर्यंत किती वेळ जातो, ते पाहावे. त्यात दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ जात असेल, तर लाकूड कितीही देखणे असले तरी त्या पेटीची रचना कामाची नाही, कारण जे पाहून आपण थांबलो तो प्रकाश तेवढ्यात बदललेला असतो.

तळहाताएवढ्या चित्रातून काय साधते? मोठा कॅनव्हास का नेऊ नये?

हे चित्र म्हणजे रंगांची नोंद असते. आकाश पाण्यापेक्षा किती उजळ आहे, सावलीतली भिंत निळसर आहे की जांभळट, उन्हातल्या आणि सावलीतल्या हिरव्यात किती अंतर आहे, एवढेच त्यात पकडायचे असते. कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरे पाडतो. डोळ्यांना दिसलेले रंगांचे परस्परसंबंध टिपून ठेवण्यासाठी जागेवर केलेल्या छोट्या चित्राइतके भरवशाचे साधन मला दुसरे माहीत नाही.

या कामाची परंपराही मोठी आहे. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने 1821 आणि 1822 या वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे ढगांचे अनेक छोटे अभ्यास तैलरंगांत केले, आणि त्यांतल्या कित्येकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ही मागची नोंद आजही अनुकरणीय आहे. त्या काळी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून विकत. पिशवी टोचून रंग काढायचा, आणि एकदा टोचलेली पिशवी नीट बंद होत नसे. 1841 साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि रंग खिशात घालून हिंडणे शक्य झाले. फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरा याने पॅरिसजवळच्या आपल्या प्रसिद्ध मोठ्या चित्राची तयारी साधारण 16 बाय 25 सेंटिमीटरच्या लाकडी फळ्यांवर केली. 1889 साली मेलबर्नमध्ये तर तरुण चित्रकारांनी नऊ बाय पाच इंचांच्या चित्रांचे प्रदर्शनच भरवले. त्यांतली बरीच चित्रे सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर केलेली होती. कॅनडाच्या टॉम थॉमसनने जंगलात होडीतून हिंडताना सुमारे 21 बाय 27 सेंटिमीटरच्या फळ्यांवर केलेली चित्रे आज त्या देशाचा ठेवा मानली जातात.

आपल्या शहरातही ही सवय जुनी आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झाले आणि बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 साली स्थापन झाली. तेव्हापासून आजवर मांडीवर बोर्ड घेऊन फोर्टात किंवा वाळकेश्वरला बसलेले विद्यार्थी मुंबईने सतत पाहिले आहेत.

मुंबईसाठी पेटीचा आकार किती असावा?

लोकलमध्ये मांडीवर ठेवल्यावर शेजारच्याला कोपरा लागणार नाही एवढाच असावा. यावर मी ठाम आहे, कारण या शहरात पेटी वापरली जाईल की माळ्यावर पडून राहील, हे चित्रकाराच्या उत्साहापेक्षा प्रवासावर ठरते. डोंबिवलीहून फोर्टात किंवा विरारहून वरळीला जाणाऱ्या माणसाला रविवारी सकाळीसुद्धा बसायला जागा मिळेलच असे नाही, आणि उभ्याने प्रवास करताना पाठीवरची सॅक पुढे घ्यावी लागते. अशा वेळी पाच-सहा किलोंचा, पायांसकट घडी होणारा फ्रेंच ईझल घेऊन जायची हिंमत होत नाही. जो एकदा नेतो, तो पुढच्या रविवारी घरी राहतो.

सहा बाय आठ इंचांच्या बोर्डासाठी बनवलेली पेटी बाहेरून साधारण 18 बाय 23 सेंटिमीटर आणि सहा सेंटिमीटर जाड होते. ती कोणत्याही ऑफिसच्या सॅकमध्ये डब्याशेजारी मावते. आठ बाय दहा इंचांच्या बोर्डासाठी तीच मापे 23 बाय 28 सेंटिमीटरपर्यंत जातात आणि रिकाम्या पेटीचे वजन किलोभराच्या आसपास होते. रंग, ब्रश आणि बोर्ड धरून ते दोन किलोंच्या घरात जाते. प्रथमच घेणाऱ्याने सहा बाय आठची पेटी घ्यावी. नऊ बाय बाराची पेटी स्वतःची गाडी असलेल्यांसाठी ठीक आहे, पण ती झटपट कामाची राहत नाही, कारण तेवढा बोर्ड भरायलाच तासाहून अधिक वेळ लागतो.

विकत घेताना बोर्डाच्या आकाराबरोबर पॅलेटचा आकारही पाहावा. बाजारातल्या काही सुबक पेट्यांत रंग मिसळायला जेमतेम पोस्टकार्डाएवढी जागा असते, आणि मग एका मिश्रणात दुसरे मिसळून सगळेच मळते. पॅलेट निदान बोर्डाएवढी असावीच.

तिपाई लागते का?

बसून काम करणाऱ्याला लागत नाही. पायरी, कठडा किंवा घडीचे स्टूल मिळाले की पेटी मांडीवर घेऊन उत्तम काम होते. उभे राहून, दर थोड्या वेळाने दोन पावले मागे जाऊन चित्र पाहण्याची सवय असेल तर कॅमेऱ्याची तिपाई घ्यावी. बहुतेक तिपाईंचा स्क्रू पाव इंची, इंचाला 20 आट्यांचा असतो, आणि त्याच मापाचा टी-नट (लाकडात बसवायचा आट्यांचा नट) पेटीच्या तळाला बसवता येतो. मात्र अगदी हलक्या तिपाईवर भरलेली पेटी समुद्राच्या वाऱ्यात डोलते. तिपाईच्या मधल्या दांड्याला सॅक अडकवली की वजन खाली येते आणि डोलणे थांबते.

तैलरंग, जलरंग, गुआश की ॲक्रिलिक?

प्रत्येकाचा हात वेगळा असतो, तरीही मुंबईच्या हवेने आणि प्रवासाने काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत.

जलरंगांची पेटी सर्वांत हलकी असते. अर्ध्या आकाराच्या बारा पॅनचा (रंगाच्या वड्यांचा) पत्र्याचा डबा, पाव लिटर पाणी, दोन ब्रश आणि 300 जीएसएमचा कागद एवढ्यावर काम होते, आणि झाकणाचा ईझल केला नाही तरी चालते. अडचण एवढीच, की मे महिन्यात दुपारी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, पसरेपर्यंत कडा सुकते आणि जुलैत तोच वॉश अर्धा तास ओला राहतो. गुआश पाण्यातच वापरायचा असतो, पण तो अपारदर्शक असल्यामुळे गडदावर उजळ रंग लावता येतो आणि चूक झाकता येते. लोकलने जाणाऱ्या, तैलरंगांची सवय असलेल्या चित्रकाराला मी गुआशच सुचवतो. सुकल्यावर त्याच्या छटा थोड्या बदलतात, गडद रंग किंचित उजळ होतात. ते अंदाजाने सांभाळायला काही दिवसांत जमते. ॲक्रिलिक मात्र आपल्या उन्हाळ्यात पॅलेटवरच कातडी धरतो. ते टाळण्यासाठी पॅलेटवर ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर अंथरून रंग काढावेत.

तैलरंगांचे सुख वेगळेच आहे: रंग ओला राहतो, कडा हव्या तितक्या मऊ करता येतात आणि लावताना दिसला तसाच तो सुकतो. या पेटीची रचनाही मुळात तैलरंगांसाठी झालेली आहे. अडचण आहे ती रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला लागणाऱ्या टर्पेंटाइनची.

लोकलमधून टर्पेंटाइन नेता येते का?

नाही. टर्पेंटाइन ज्वलनशील आहे, आणि रेल्वेच्या डब्यात ज्वलनशील पदार्थ नेणे हा रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 164 खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, गच्च भरलेल्या डब्यात झाकण सैल झालेली बाटली सॅकमध्ये असणे हा सहप्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे. वास कमी केलेले मिनरल स्पिरिटही त्याच वर्गात मोडते.

सुदैवाने छोट्या चित्राला त्याची गरजच पडत नाही. दर रंगगटासाठी वेगळा ब्रश ठेवावा: एक उजळ रंगांसाठी, एक गडदासाठी, एक हिरव्यासाठी. ब्रश धुण्याऐवजी चिंधीत घट्ट धरून पुसावा. फारच मळला तर करडईच्या तेलाच्या दोन-चार थेंबांत घोळवून पुन्हा पुसावा. वाण्याकडचे करडईचे खाद्यतेल ब्रश पुसण्यापुरते चालते, मात्र ते रंगात मिसळू नये. त्यासाठी कलासाहित्याच्या दुकानातले जवसाचे तेलच वापरावे. पहिली रेखाटणी पातळ हवी असेल तर रंग अगदी थोडा घेऊन कोरड्या ब्रशाने घासून लावावा. घरी आल्यावर ब्रश अंगाच्या साबणाने, फेस पांढरा येईपर्यंत धुवावेत.

एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा बंद जागेत पडून राहिला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या सुट्ट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. सॅकच्या कप्प्यात कोंबून विसरू नयेत.

पेटीत किती रंग ठेवावेत?

तैलरंगांत सहा पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, पर्मनंट रोज, अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना. पांढऱ्याची नळी मोठी, बाकीच्या छोट्या. नळीतला तयार हिरवा सुरुवातीला ठेवूच नये, कारण मुंबईतली झाडे त्या हिरव्याची नसतात. लेमन यलो आणि अल्ट्रामरिनच्या मिश्रणात चिमूटभर बर्न्ट सिएना घातले की आंब्याचा आणि वडाचा हिरवा मिळतो, आणि ऑकर वाढवला की उन्हाळ्यातल्या धूळ बसलेल्या पर्जन्यवृक्षाचा.

थोड्या रंगांत किती मावते, हे ओहोटीच्या वेळी वरळी कोळीवाड्याच्या काठावर बसले की कळते. पाणी मागे गेल्यावर उघडा पडलेला चिखल पहिल्या नजरेला नुसता करडा दिसतो, आणि नवखा माणूस काळ्यात पांढरा मिसळून तो लावतो. चित्र तेथेच मरते. नीट पाहिले तर त्या करड्याचे तीन वेगळे रंग असतात. पाण्याची पातळ कात असलेला भाग आकाश दाखवतो, म्हणून तेथे अल्ट्रामरिन आणि पांढरा अधिक, बर्न्ट सिएना नावापुरते. सुकू लागलेला, पायांचे ठसे उमटलेला भाग ऑकरकडे झुकतो. कलंडलेल्या होडीच्या पोटाखालची सावली सर्वांत गडद असते, पण तीही काळी नसते: अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना समसमान घेऊन त्यात पांढरा अजिबात न घालता ती मिळते. होडी नारिंगी असेल तर तिचा रंग ओल्या चिखलात उतरलेला दिसतो, आणि ब्रशाच्या एका आडव्या फटकाऱ्यात तो लावला की चिखल एकदम ओला वाटू लागतो. हे सगळे दोन नळ्या, पांढरा आणि किंचित ऑकर यांवर होते.

तयार पेटी घ्यावी की सुताराकडून करून घ्यावी?

परदेशी पेट्या सुंदर असतात, परंतु त्यांची किंमत आणि आयातीचा खर्च पाहता मी सुताराकडे जाण्याचाच सल्ला देईन. मुंबईत फर्निचरचे काम करणारे कुशल कारागीर जवळपास प्रत्येक उपनगरात आहेत, आणि नीट आकृती काढून दिली तर ते हे काम आनंदाने करतात. आकृतीत सेंटिमीटर नव्हे तर मिलिमीटर लिहावेत आणि बोर्ड प्रत्यक्ष सोबत न्यावा, म्हणजे खाच त्यावर बेतून घेता येते.

लाकूड म्हणून आयएस 710 दर्जाचा मरीन प्लाय घ्यावा. बाजूंना सहा मिलिमीटर, तळ आणि झाकणाला चार मिलिमीटर पुरतो. साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. सागवान टिकाऊ असले तरी जड पडते. बिजागरी आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज लागायला वेळ लागत नाही. दोन सुट्ट्या बिजागऱ्यांऐवजी पूर्ण लांबीची पियानो बिजागरी बसवली तर झाकण कधीच तिरके होत नाही.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे झाकण हव्या त्या कोनात थांबवणारी व्यवस्था, आणि बहुतेक घरगुती पेट्या येथेच फसतात. साखळी किंवा दोरी लावली तर झाकण एकाच कोनात राहते, आणि वारा मागून आला की पुढे मिटते. त्याऐवजी पितळेच्या पट्टीत लांब खाच पाडून घ्यावी, पट्टीचे एक टोक झाकणाच्या बाजूला फिरते बसवावे आणि खाचेतून पेटीच्या बाजूला बसवलेला बोल्ट काढून त्यावर विंग नट लावावा. पट्टी आणि लाकूड यांच्या मध्ये चामड्याचा किंवा रबराचा वॉशर घातला की पकड घट्ट होते आणि बोटांनी पाव फेरा फिरवून कोन बदलता येतो. अशी पट्टी दोन्ही बाजूंना असावी. एकाच बाजूला असली तर दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात झाकण पिळवटते आणि कालांतराने बिजागरी ढिली होते. झाकण काटकोनापासून बरेच मागे, जवळजवळ आडवे होईपर्यंत उघडले पाहिजे, कारण बसून काम करताना आणि उभ्याने काम करताना लागणारे कोन वेगळे असतात.

तिपाईचा टी-नट तळाच्या बरोबर मध्यावर बसवू नये. झाकण उघडल्यावर वजन मागे सरकते, म्हणून तो बिजागरीकडे थोडा सरकवावा आणि त्या जागी आतून बारा मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा चिकटवून आधार द्यावा. बाहेरून पीयू पॉलिश करावे. लाखेचे पॉलिश दमट हवेत पांढुरके पडते. पॅलेटच्या लाकडाला जवसाच्या तेलाचे तीन-चार हात चोळून द्यावेत आणि प्रत्येक हात पुरता सुकू द्यावा. पॅलेटचा रंग मधला तपकिरी किंवा करडा असला की मिश्रणाची उजळता अचूक कळते. पांढऱ्या पॅलेटवर प्रत्येक रंग आहे त्याहून गडद भासतो. जलरंगांची गोष्ट वेगळी, तेथे कागदासारखी पांढरीच हवी.

स्क्रू, पट्ट्या आणि नट नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळतात.

जुन्या खोक्याची पेटी करता येते का?

अवश्य करता येते. चोर बाजारात मिळणारी जुनी लाकडी खोकी, जुनी कंपासपेटी, मिठाईचा पत्र्याचा डबा, काहीही चालते. फक्त झाकण कोनात थांबले पाहिजे आणि मिटल्यावर ओल्या रंगाला काही टेकता कामा नये. हा छंद आपल्याला मानवतो की नाही, हे पाहण्यासाठी पहिली पेटी अशीच करावी.

बोर्ड कोणते वापरावेत?

तीन मिलिमीटरचा एमडीएफ किंवा हार्डबोर्ड कापून आणावा. कडांसकट सहाही बाजू गेसोने, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराने बंद कराव्यात, कारण उघड्या कडेतून ओल शिरली की एमडीएफ फुगतो आणि पेटीच्या खाचेत बसत नाही. समोरच्या बाजूला ॲक्रिलिक गेसोचे दोन हात देऊन वर ऑकर किंवा बर्न्ट सिएनाचा पातळ हात द्यावा. पांढऱ्याशुभ्र बोर्डावर उन्हात डोळे दिपतात, शिवाय घाईत राहिलेल्या फटी पांढऱ्या डोकावतात. ऊबदार रंगाच्या बोर्डावर त्याच फटी चित्राला शोभतात.

ओले चित्र गर्दीतून कसे आणावे?

झाकणात चार मिलिमीटर रुंदीच्या दोन खाचा, मध्ये सहा मिलिमीटरचे अंतर, एवढी सोय असली की दोन ओले बोर्ड एकमेकांना न लागता येतात. खाचा नसतील तर दोन बोर्ड समोरासमोर धरून चारही कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे ठेवावेत आणि रबरबँड लावावेत. रंग पातळ लावला असेल तर तो दोन-चार दिवसांत हाताला कोरडा लागतो. बर्न्ट अंबरसारखे मँगनीजयुक्त रंग त्याहून लवकर सुकतात, आणि अल्किड (लवकर सुकणारे राळेचे माध्यम) मिश्रित पांढरा वापरला तर बहुधा दुसऱ्या दिवशीच काम होते.

कोणत्या वेळी बाहेर पडावे?

सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे पाऊण तासात सावल्यांची दिशा आणि लांबी दोन्ही बदलतात. म्हणून एका बोर्डाला 30 ते 45 मिनिटे द्यावीत, आणि सावल्यांचे आकार पहिल्या पाच मिनिटांत पक्के करून नंतर ते बदलू नयेत.

मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. मे महिन्यात सकाळी नऊनंतर सावल्या पायांखाली गोळा होतात आणि इमारती सपाट दिसू लागतात. त्या दिवसांत सूर्योदयापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर काम करावे. डिसेंबर-जानेवारीत मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि फोर्टातल्या दगडी इमारतींवर दुपारीही तिरपा प्रकाश मिळतो; आपल्या शहरात रंगवण्यासाठी याहून चांगला काळ नाही.

समुद्रकाठी जाणाऱ्याने भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिलेच पाहिजे. दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. गेल्या रविवारी जेथे होड्या चिखलात कलंडल्या होत्या, तेथे या रविवारी त्याच वेळी पाणी असेल.

छत्री लागते का?

लागते, आणि ती काळी असावी. निळ्या किंवा लाल छत्रीतून गाळून आलेला प्रकाश बोर्डावर आणि पॅलेटवर पडतो आणि सगळी मिश्रणे चुकतात. बोर्ड आणि पॅलेट दोन्ही एकाच प्रकाशात, शक्यतो सावलीत असावीत.

सुरुवात कोठून करावी?

वाळकेश्वरच्या बाणगंगेपासून करावी. बसायला पायऱ्या आहेत, पाणी स्थिर आहे, आणि पायऱ्यांच्या आडव्या रेषा चित्राला आपोआप आधार देतात. एशियाटिकच्या पायऱ्या, राणीच्या बागेतले जुने वृक्ष, माटुंग्याची पाच उद्याने आणि गिरगावातली खोताची वाडी येथेही सकाळी निवांतपणे काम होते. वाडीत रहिवाशांच्या दारासमोर बसण्यापूर्वी त्यांना विचारणे हा साधा शिष्टाचार आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पळस फुलतो, एप्रिल-मेमध्ये रस्तोरस्ती बहावा, तामण आणि गुलमोहर. गुलमोहराचा लाल टिकवायचा असेल तर त्यात पांढरा मिसळू नये, भोवतालचा हिरवा मळका करावा.

परवानगी घ्यावी लागते का? लोक गोळा झाले तर काय करावे?

सार्वजनिक रस्त्यावर मांडीवर पेटी घेऊन बसणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. तिपाई उभी केली की मात्र सुरक्षारक्षक येतात, म्हणून छोट्या पेटीचा येथेही फायदा होतो. बंदर, नौदल आणि रेल्वेच्या हद्दीत, तसेच संरक्षित वास्तूंच्या आवारात आधी विचारूनच बसावे, आणि पदपथ अडवू नये. माणसे पाहायला थांबतात ती बहुधा आपुलकीने. कोळीवाड्यात एखादी मावशी होडीचा रंग चुकल्याचे सांगते, आणि तिचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते. भिंतीला पाठ लावून बसले की मागची गर्दी टळते.

घरी आणल्यावर चित्र गडद का दिसते?

बोर्डावर थेट ऊन पडत असताना रंगवले तर प्रत्येक रंग आहे त्याहून उजळ भासतो आणि हात नकळत गडद मिश्रणे करू लागतो. ट्यूबलाइटखाली ती फसवणूक उघड होते. बोर्ड सावलीत ठेवला, झाकणाचा कोन बदलून चकाकी घालवली आणि मध्येच एकदा पेटी सूर्याकडे पाठ करून पाहिली, तर हा दोष बराच कमी होतो.

पावसाळ्यात पेटीचे काय करावे?

पावसाळ्यात पेटी बंद करून ठेवू नये. तसे केले तर बुरशी ठरलेलीच. जलरंगांचे पॅन या दिवसांत सुकत नाहीत, म्हणून वापरानंतर डबा रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पॅनवर पांढरी बुरशी दिसली तर वरचा थर ओल्या कापडाने पुसून टाकावा. पितळी पट्ट्यांना मशिनच्या तेलाचा थेंब द्यावा, मात्र तो पॅलेटकडे ओघळू देऊ नये.

आणि बाहेर जरूर पडावे. आडोसा मिळाला की झाले: फोर्टातल्या कमानी, एखाद्या चाळीचा सज्जा, स्वतःच्या घराची खिडकी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे कोळीवाड्यांत होड्या वाळूवर ओढून निळ्या ताडपत्रीने झाकलेल्या असतात; करड्या आकाशाखाली तो निळा विलक्षण उठून दिसतो. या दिवसांत गुआश पातळ न करता, जवळजवळ नळीतून निघाल्यासारखा लावावा, म्हणजे दमट हवेतही तो वेळेत सुकतो. रंगाचे मळलेले पाणी बाटलीत भरून घरी आणावे, बाणगंगेत किंवा समुद्रात ओतू नये. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग विषारी असतात.